तारांची झबली

माझ्या धाकट्या भावाला सगळे फणीवाला म्हणतात, आणि त्याच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही. फण्या त्याच्या शर्टाच्या खिशात असतात. प्लॅस्टिकच्या, बोटाएवढ्या, दातांऐवजी खाचा असलेल्या. कॉम्प्युटरच्या पोटातल्या तारा त्या खाचांत एकेक करून बसवल्या की सगळा जुडगा भांग पाडल्यासारखा सरळ राहतो. हा त्याचा धंदा.

लोक चांगला चालता कॉम्प्युटर घेतात, त्याची एक बाजू काढून तिथे काच बसवतात, आत दिवे सोडतात आणि पंख्यांच्या जागी पाण्याच्या नळ्या फिरवतात, म्हणजे म्हणे मशीन थंड राहतं. मग एके दिवशी काचेतून आत बघताना त्यांच्या ध्यानात येतं की आतल्या तारा फारच कुरूप आहेत. तेव्हा ते माझ्या भावाकडे येतात. तो प्रत्येक तार सुटी करतो, तिच्यावर विणलेल्या दोऱ्याची नळी चढवतो, टोकाला आच देऊन ती आवळतो, नवी पिन दाबतो आणि तार पुन्हा आपल्या भोकात बसवतो. याला तो स्लीव्हिंग म्हणतो. त्याची बायको म्हणते, "आमचे हे तारांना झबली घालतात."

मी जन्मभर इस्पितळात सिस्टर होते. माणसांच्या नाकातोंडातून मी इतक्या नळ्या घातल्या आणि काढल्या, पण एकाही पेशंटने मला कधी विचारलं नाही की सिस्टर, यात जांभळा रंग मिळेल का? त्यामुळे भावाच्या धंद्याकडे मी फार कौतुकाने बघत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमची घरं एकाच मजल्यावर, समोरासमोर आहेत. सगळ्यात वरचा मजला, मध्ये जिन्याचा चौक. तेव्हा न बघून सांगते कुणाला!

त्याची गिऱ्हाइकं तर बघण्यासारखी. एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना तारा हिरड्यांच्या गुलाबी रंगाच्या हव्या होत्या. निरोगी हिरड्यांच्या, सुजलेल्या नव्हे. भाऊ रंग जुळवायला त्यांच्या दवाखान्यात गेला आणि येताना एक दाढ भरून घेऊन आला. दुसरे एक कंत्राटदार. त्यांनी नव्या इमारतीत गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी एक घर सजवलंय, त्यात काचेचा कॉम्प्युटर ठेवलाय. दिवे लागतात, नळ्यांतून पाणी फिरतं, बाकी आत काही नाही. मी एकदा विचारलं, "अहो, पण हा चालतो का?" तर म्हणाले, "चालवायचाय कुणाला, ताई? बघायचाय."

पूर्वी भाऊ विजेची पॅनेलं बनवणाऱ्या कारखान्यात होता. तिथल्या त्याच्या उस्तादाने त्याला एकच मंत्र दिला होता: तार तारेला ओलांडत नाही. कारखाना बंद पडला, उस्ताद आपल्या गावी गेला, मंत्र तेवढा आमच्या घरी राहायला आला.

आता एवढ्या कलावंताचं घर कसं असावं? दिव्याखाली अंधार. न्हाणीघरातला दिवा स्वयंपाकघरातल्या बटणाने लागतो. फ्रिजची पिन पुठ्ठ्याची घडी खोचली तरच बसते. दाराबाहेरच्या घंटेचं झाकण त्याने कधीतरी दोन स्क्रूंसाठी काढलं, ते गेलंच. तेव्हापासून चौकटीशेजारच्या भोकातून एक लाल आणि एक काळी तार लोंबत होती. येणारा माणूस आधी घंटा शोधायचा, मग त्या तारांकडे बघायचा आणि मग भीतभीत दार वाजवायचा. भावाला म्हणावं तर उत्तर ठरलेलं, "करतो गं, घरचंच आहे, कुठे पळतंय?"

वहिनीने यावर कधी तोंड उघडलं नाही. माझ्याहून ती वयाने लहान, पण मी तिला वहिनीच म्हणते, कारण तिने तो मान कमावलाय. आमच्या आईचे डोळे गेले तेव्हा हिने तिला वाचून दाखवायला सुरुवात केली. आधी वर्तमानपत्र, छोट्या जाहिरातींसकट. मग गोष्टी. मग जाडजूड कादंबऱ्या. मी इस्पितळातून आले की चपलासुद्धा न काढता उंबऱ्यावर बसून ऐकायची. म्हातारा बोलला की तिचा आवाज वाकायचा, पोर बोललं की उड्या मारायचा. आई म्हणायची, "हिने वाचलं की मेलेलं माणूस उठून बसेल." भाऊ संध्याकाळी कारखान्यातून यायचा तेव्हा पुस्तक मिटलेलं आणि कुकर चढलेला असायचा. घरात एवढं वाचन झालं, पण त्यातलं पान काही त्याच्या कानावर पडलं नाही.

आई गेली आणि वहिनीचा आवाज बंद झाला. "जेवायला वाढू का" एवढ्यापुरता उरला. मला ते बघवत नव्हतं. दिसत नाही अशा लोकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी एक संस्था आहे. तिथे वाचणारी माणसं हवी आहेत असं कळल्यावर मी वहिनीच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी तिने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चार पानं वाचून पाठवली. तिथल्या मुख्य बाईंचा फोन आला. आवाज फार छान आहे म्हणाल्या, आणि मग जरा घुटमळत, "पण अहो, तुमच्याकडे मागे पिठाची गिरणी चालू असते का?"

गिरणी म्हणजे कॉम्प्युटर. त्याचे पंखे असे ओरडायचे की मला माझ्या घरात कळायचं, वहिनी कामाला बसली. बाईंनी तरीही एक कादंबरी पाठवली. महिनाअखेरीपर्यंत संपूर्ण, स्वच्छ आवाजात करून द्या, पसंत पडली तर कायमच्या वाचक म्हणून घेऊ, नाहीतर दुसऱ्या एक बाई तयार आहेत, असं स्पष्ट सांगितलं. वहिनी पुस्तक छातीशी धरून माझ्याकडे आली. म्हणाली, "वन्सं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडून काम मागितलंय. स्वयंपाक सोडून."

भावाने हे ऐकलं आणि ताडकन उठला. "तुझ्यासाठी मी पाण्यावर थंड होणारं मशीन बांधतो. आवाज म्हणून येणार नाही!" खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. म्हटलं, उशिरा का होईना, याच्या कलेचा घराला उपयोग होतोय. दुसऱ्या दिवशी जेवणाचं टेबल त्याच्या ताब्यात गेलं. ते दोघं स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने जेवू लागले.

पंप आला, नळ्या आल्या, त्या त्याने दोन दिवसांत जोडल्याही. मशीन तेव्हाच चालू करता आलं असतं. पॉवर सप्लायबरोबर, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्याबरोबर, आलेल्या तारा चांगल्या होत्या, लावायच्या आणि बटण दाबायचं. पण त्या नागड्या होत्या.

"रंग कुठला हवा?" त्याने विचारलं.

"कुठलाही चालेल."

"कुठलाही हा रंग नाही."

"मग काळा."

त्याने तीन काळे आणले. एक निळसर, एक राखाडीकडे झुकणारा आणि एक नुसता. तिन्ही तिच्यापुढे धरून तो खिडकीपाशी उभा राहिला. ती म्हणाली, "अहो, पण हे मशीन टेबलाखाली राहणार ना? त्यावर चादर येणार."

"म्हणून काय झालं?"

"काही नाही," वहिनी म्हणाली आणि कपड्यांच्या कपाटात जाऊन बसली.

हे खरंच सांगतेय. मशीन होईपर्यंत काम अडू नये म्हणून ती कोट आणि रजयांच्या मध्ये, कपाटात बसून वाचायची. माइकची तार हातभर लांब, त्यामुळे गिरणी कपाटाच्या दाराशीच. तासाभराने बाहेर यायची ती घामाने निथळत, केस कपाळाला चिकटलेले. मग केलेलं ऐकायची. आवाज होता, आणि मागे गिरणीही होती. ती सगळं पुसून टाकायची आणि भावाला विचारायची, "झालं का हो?" तो मान वर न करता म्हणायचा, "घाई केली की मातेरं होतं." महिना असाच सरकत होता.

मी एकदा खवळून गेले. "अरे, ती तिकडे गुदमरतेय आणि तू इकडे झबली शिवतोस? तिला मशीन हवंय की बारसं?"

"ताई, तुला यातलं कळत नाही."

"नसेल कळत. महिनाअखेर कळते."

शेवटी एकच जुडगा उरला, मदरबोर्डला जाणारा मोठा. आणि त्यात शत्रू निघाला. पॉवर सप्लाय बनवणाऱ्यांनी दोन टोकांच्या भोकांचा क्रम एकसारखा ठेवलेला नव्हता. तिकडचं पहिलं भोक इकडे पहिलं नव्हतं. त्यामुळे मधल्या दोन तारांना एकमेकींना ओलांडूनच जावं लागत होतं, आणि ओलांडायची जागा नेमकी वळणावर, काचेतून समोर दिसेल अशी. त्याने फणी पुढे घेतली, मागे घेतली. तारा लांब केल्या, आखूड केल्या. ओलांडणं काही दडेना. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. उस्ताद डोळ्यांपुढे उभा राहत असणार. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर साहेब शीळ घालत होते. "सुटलं गं ताई! बघ, कशी सरळ रेघ!"

खरंच सरळ होती. त्याने त्या दोन तारा सरळ केल्या होत्या. ओलांडणं काढून टाकलं होतं. मग मीटर घेऊन त्याने प्रत्येक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली आणि मीटर प्रत्येक वेळी गोड आवाजात बोललं. एकही तार तुटलेली नव्हती. दोन तारा चुकीच्या घरी नांदायला गेल्या होत्या एवढंच, आणि ते मीटरला कुणी विचारलं नव्हतं.

उद्घाटनाला त्याने डॉक्टर आणि कंत्राटदारांना बोलावलं. टेबलावर धुतलेली चादर, तिच्यावर ते काचेचं मशीन. आत तारा अशा शिस्तीत उभ्या होत्या की शाळेची प्रार्थना सुरू होईलसं वाटावं. डॉक्टर म्हणाले, "अप्रतिम!" कंत्राटदार म्हणाले, "याला म्हणतात सफाई!" वहिनीने साडी बदलली होती. भाऊ तिला म्हणाला, "तूच दाब बटण."

तिने दाबलं. आत कुठेतरी 'टिक्' झालं. मग वास आला. इस्पितळात जन्म काढलेल्या बाईला जळल्याचा वास सांगावा लागत नाही.

मग काहीच झालं नाही. पंखा नाही, पंप नाही, दिवा नाही. आवाज म्हणून येणार नाही, हा शब्द माझ्या भावाने तंतोतंत पाळला.

पाहुणे चहा न घेता गेले. कंत्राटदार दारातून परत फिरले आणि हळूच म्हणाले, "फणीवाले, हे मशीन मलाच देऊन टाका. चालत नसलं तरी मला चालेल." आज ते त्यांच्या सजवलेल्या घरात आहे, आणि ऐकते की सगळ्यांना फार आवडतं.

भाऊ खुर्चीत बसून राहिला. वहिनी ओरडली असती तर त्याने ते सोसलं असतं. तिने साडी बदलली, जुनं मशीन पुसलं आणि माझ्याकडे आली. डोळे लाल होते. मला त्या क्षणी माझ्या सख्ख्या भावाला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत होत्या. पण ती म्हणाली, "वन्सं, तो लाउडस्पीकरवाला तुमच्या ओळखीचा आहे ना? त्याच्याकडे माइकची लांब तार मिळेल का? आठवडा उरलाय अजून."

लाउडस्पीकरवाल्याचं अपेंडिक्स निघालं तेव्हा मी त्याच्या उशाशी होते. त्याने विचारलंसुद्धा नाही कशाला. तार आणली ती भगभगीत नारिंगी, जाड, जागोजागी चिकटपट्टीचे जुने डाग पडलेली आणि गुंडाळून गुंडाळून अशी वेडीवाकडी झालेली की जमिनीवर ठेवली तरी वळवळत राहायची. भावाने ती पाहिली आणि तोंड फिरवलं.

वहिनी सरळ दाराशी गेली आणि घंटेच्या त्या लाल-काळ्या तारा भोकातून ओढून काढल्या.

"अगं, ते मी करणारच होतो," भाऊ पुटपुटला.

"आता नका करू," ती म्हणाली. "आता ते भोक मला हवंय."

जुनं मशीन आम्ही दोघींनी उचलून बाहेर चौकात स्टुलावर ठेवलं. गिरणी जिन्यात, वाचणारी आत, मध्ये भिंत आणि बंद दार. भोकातून नारिंगी तार आत गेली, दिवाणखान्यातून झोल खात पलंगापर्यंत. जिथे उठत होती तिथे मी इस्पितळातली पांढरी चिकटपट्टी लावली. माइकशी जोड मात्र भावालाच करावा लागला. जोड झाल्यावर त्याचा हात सवयीने काळ्या नळीकडे गेला. वहिनीने नुसतं पाहिलं. त्याने नळी खाली ठेवली. त्याच्या हातून झबलं न घालता गेलेली ती पहिली तार असेल.

पण आत बसल्यावर मशीनची बटणं दाबणार कोण? म्हणून भावाला बाहेर बसवलं. वहिनीने आतून भिंतीवर टकटक केली की सुरू करायचं, पुन्हा केली की थांबवायचं. आवाज नीट येतोय ना, हे कळायला कानावर हेडफोन. आणि कुणी जिना चढून आलं तर दार वाजवण्याआधी त्याला अडवायचं. घंटा नसल्याचा एवढा फायदा या घराला पहिल्यांदाच झाला.

पहिल्या दिवशी त्याच्या गुडघ्याशेजारी त्या तारेला एक ओंगळ वेटोळं पडलेलं होतं. तो थोडा वेळ बघत राहिला. मग खिशातून फणी काढली आणि अलगद, अगदी अलगद, वेटोळं सरळ करू लागला. आतला आवाज थांबला. टकटक झाली. वहिनीने दार किलकिलं करून विचारलं, "खरखर कसली झाली? मला माइकपाशीसुद्धा ऐकू आली."

"काही नाही," तो म्हणाला.

तिला ते पान पुन्हा वाचावं लागलं. त्याने फणी खिशात ठेवली.

त्या गिरणीने माझ्या डोक्याची मंडई केली होती. दुपारी मी चिडून माझं दार उघडलं. म्हटलं, निदान मशीनखाली एखादी जाड सतरंजी तरी टाक. तर भाऊ स्टुलाशेजारी जिन्याच्या पायरीवर बसलेला, हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबलेले, तोंड उघडं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्याला नव्हतं. मला पाहून तो ओरडला, कारण कानावर ते असलं की माणसाला आपलाच आवाज कळत नाही, "ताई! हिला असं वाचता येतं?"

आतून लगेच टकटक. पान पुन्हा गेलं.

"आईला विचारायचं होतंस," मी हळूच म्हणाले. ते त्याला ऐकू गेलं नाही, आणि बरंच झालं. माझा सगळा राग तिथेच विरला. मी घरातून सतरंजी आणून मशीनखाली सारली आणि दार लावून घेतलं.

पुस्तक महिनाअखेरीच्या आत गेलं. मुख्य बाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. वहिनी फोन कानापासून लांब धरून मला ऐकवत होती. "काय सुरेख झालंय! सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता आहे मागे. नवीन मशीन घेतलंत वाटतं?"

"मशीन तेच आहे," वहिनी म्हणाली. "नवऱ्याला दाराबाहेर बसवलंय."

आता दुसरी कादंबरी चालू आहे. भाऊ गिऱ्हाइकांची कामं सकाळीच उरकतो, कारण दुपारी त्याची ड्यूटी असते. परवा दातांचे डॉक्टर जिना चढून आले. दवाखान्यात नवी खुर्ची आलीय, तिच्या रंगाच्या तारा हव्या होत्या. भावाने ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टर बिचारे खालच्या पायरीवर बसून राहिले, आणि बसल्या बसल्या त्यांची नजर त्या नारिंगी तारेवर गेली. वेटोळं तसंच, चिकटपट्टी निम्मी सुटलेली.

"फणीवाले," ते न राहवून कुजबुजले, "तुमच्या दारात ही असली तार?" आणि ती बाजूला सारायला त्यांनी हात पुढे केला.

माझ्या भावाने तो हात वरच्यावर पकडला. "हात लावू नका, डॉक्टर," तो म्हणाला. "ती वाचतेय."